गुडघेकट्ट्यावरचं गुपित

बाईंचा डावा गुडघा पहिल्यांदा बोलला तो भर वर्गात. "आणि आता वळा," म्हणत त्या स्वतः वळल्या आणि सुकी फांदी मोडावी तसा कट्‌कन आवाज आला. सगळ्यांनी माना वळवल्या.

"ही फळी सैल झालीय वाटतं," बाई म्हणाल्या आणि पायाखालच्या बिचाऱ्या फळीवर खापर फोडून मोकळ्या झाल्या.

बाई जोडीचा नाच शिकवायच्या. त्यांच्याकडे यायची ती सगळी मोठी माणसं. कुणाचं लग्न ठरलेलं, कुणी नुकतंच निवृत्त झालेलं, कुणाला डॉक्टरांनी "जरा हालचाल करा" म्हणून पिटाळलेलं. हॉल तिसऱ्या मजल्यावर होता, खाली बुटांचं दुकान आणि लिफ्टचा पत्ता नाही. जिन्याच्या वळणावर एक खिडकी होती. तिथे बाई हल्ली थांबायच्या आणि मागून येणाऱ्याला म्हणायच्या, "काय छान ऊन पडलंय नाही!" एकदा बाहेर धो धो पाऊस असतानाही त्या हेच म्हणाल्या. मागून येणारी वर्गातली शिंपीणबाई सभ्य होती, तिने नुसती मान डोलावली.

डॉक्टर म्हणाले होते, "सांधा पार झिजलाय. बदलावा लागेल."

"बघू," बाई म्हणाल्या.

हे 'बघू' वर्षभर चाललं. नवरा जाऊन बराच काळ लोटला होता आणि एकुलती एक मुलगी दुसऱ्या शहरात, कापडाच्या गिरणीत नक्षी काढायच्या कामावर. ती रोज संध्याकाळी फोन करायची. "कशी आहेस?" "ठणठणीत!" की विषय संपला. खरं सांगितलं तर मुलगी काय म्हणणार हे बाईंना पाठ होतं. म्हणेल, वर्ग बंद कर आणि माझ्याकडे राहायला ये. मुलगी जिवापाड प्रेम करायची, आणि म्हणूनच तिला सांगायची सोय नव्हती. प्रेमाच्या माणसाला दुखणं सांगितलं की ते लगेच हुकूम सोडायला लागतं.

अशात एका दुपारी गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवून फोन चाळताना बाईंना 'गुडघेकट्टा' नावाचा गुडघेदुखीवाल्यांचा गट सापडला.

जगात इतके गुडघे दुखत असतील याची त्यांना कल्पना नव्हती. तिथे खरं नाव कुणाचंच नव्हतं. कुणी 'कुरकुर', कुणी 'लंगडी घोडी', कुणी 'जिन्याचा शत्रू'. बर्फवाले आणि शेकवाले असे दोन कट्टर पक्ष होते आणि त्यांची भांडणं जुंपली की गुडघे बाजूला राहायचे. मग 'द्वारपाल' नावाचा व्यवस्थापक मध्ये पडायचा. "मंडळी, दुखणं सगळ्यांचं आहे, जिभेला लगाम घाला." त्याचे नियम थोडके होते. खरी नावं नकोत, पत्ते नकोत, औषधांच्या जाहिराती नकोत. आणि सगळ्यांच्या डोक्यावर 'दोन्ही नवे' नावाच्या आजी. दोन्ही गुडघे बदलून घेतल्यामुळे त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. नवीन कुणी घाबरत घाबरत लिहिलं की त्यांचं ठरलेलं उत्तर यायचं, "आधी रडून घ्या, मग तारीख घ्या."

बाई आठवडाभर नुसत्या वाचत राहिल्या. मग त्यांनी नाव घेतलं 'अंगण वाकडं'. पहिलंच वाक्य टाकलं, "आयुष्यभर लोकांना नाचायला शिकवलं, आणि आता मलाच नाचता येईना. बाकी अंगण सरळ आहे, मी तपासलं."

कट्टा खूश झाला. बाईंना तर जणू कुणीतरी घट्ट जोड्यातून पाय मोकळा करून दिला. त्यांनी सैल फळीचं सांगितलं, पावसातल्या उन्हाचं सांगितलं, ताल धरायला म्हणून घेतलेली काठी खरी कशासाठी आहे तेही सांगितलं. हिरवं दार, तीन मजले, बुटांचं दुकान, सगळं आलं. भूल दिल्यावर आपण परत जागे झालोच नाही तर, ही भीतीसुद्धा त्यांनी लिहिली. पोटच्या पोरीला न सांगितलेली गोष्ट 'लंगडी घोडी'ला सांगताना त्यांना काही वाटलं नाही. लंगड्या घोडीने "मलाही हीच भीती होती बघा" असं लिहिलं आणि बाईंना त्या दिवशी दुपारी गाढ झोप लागली.

चटक लागायला वेळ लागत नाही. स्वतःच्या गुडघ्याबद्दल माणूस लिहून लिहून किती लिहिणार? बाई वर्गाबद्दल लिहायला लागल्या.

वर्गात एक कुलूपवाला येत असे. बाजाराच्या टोकाला त्याचं किल्ल्या करायचं दुकान होतं. पन्नाशीचा, आडव्या अंगाचा, अगदी भला माणूस. पण नाचताना पाऊल टाकायचा ते हमालाने पोतं टाकावं तसं. खालच्या बुटवाल्याने दोनदा वर येऊन छत तपासलं होतं. एकदा वर्ग सुटल्यावर तो मागे रेंगाळला आणि म्हणाला, "बाई, एक सांगू? तुमच्यापाशीच राहू द्या."

लग्नात त्याने नाचताना बायकोच्या पायावर पाय दिला होता. अंगठ्याचं नख गेलं आणि नवी नवरी पाहुण्यांसमोर एका पायावर उभी राहिली. तेव्हापासून तो नाचलाच नाही. बायकोला मात्र नाचाचं वेड. कुणाच्याही समारंभात ती मेव्हण्यांबरोबर, पोराटोरांबरोबर, कुणी नसलं तर आपल्या आईबरोबर नाचायची, आणि हा भिंतीला टेकून सगळ्या बायकांच्या पर्स सांभाळायचा.

"आता पंचवीस वर्षं होतील लग्नाला," तो म्हणाला. "एकदा तरी पर्स दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचीय. तिला सांगितलंय की संध्याकाळची तातडीची कामं असतात."

बाईंचे डोळे भरून आले. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी हे सगळं कट्ट्यावर लिहून टाकलं.

काळजी घेतली नाही असं नाही. त्यांनी त्याला 'पोतं' हे नाव दिलं आणि कुलूपवाल्याचा घड्याळवाला केला. आपल्या हुशारीवर त्या बेहद्द खूश होत्या. फक्त एक गोष्ट त्यांना बदलवेना, कारण ती फार गोड होती. कंबर वळत नसली की तो कपाळ पुसत म्हणायचा, "फिरतंय बाई, फिरतंय, पण उघडत नाही." तेवढं त्यांनी जसंच्या तसं लिहिलं.

कट्ट्याने पोत्याला डोक्यावर घेतलं. गुडघे विसरून माणसं त्याची चौकशी करायला लागली. 'कुरकुर'ने लिहिलं, त्याला पातळ तळव्याचे बूट घ्यायला सांगा. 'जिन्याचा शत्रू' पूर्वी बँडमध्ये ढोल वाजवायचा. त्याने लिहिलं, आकडे मोजू नका म्हणावं, श्वास मोजा. बाई हे सल्ले स्वतःचे म्हणून वर्गात द्यायच्या, आणि काय सांगावं, पोतं हलकं पडू लागलं.

मग एका सकाळी 'दोन्ही नवे'चा खासगी निरोप आला. एरवी आजी चारचौघांत बोलणाऱ्या, खासगीत कधी नाही. बाईंनी उघडून पाहिलं.

"बाई, तुमच्या पोत्याला घड्याळातलं ओ की ठो कळत नाही. आमच्या भिंतीवरचं घड्याळ वर्षभर बंद आहे. मी पोत्याची बायको. 'दोन्ही नवे' म्हणजे माझी आई. तिला बारीक अक्षर दिसत नाही, ती सांगते आणि मी टाइप करते. तुमचं लिखाणही मीच तिला वाचून दाखवते. 'फिरतंय पण उघडत नाही' हे वाक्य मी पंचवीस वर्षं ऐकतेय. बुटांच्या दुकानावरचे तीन मजले मला ठाऊक आहेत. आज येऊ का भेटायला?"

बाईंच्या हातातला चहा थंड झाला. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. त्या आरशासमोर उभ्या राहिल्या आणि स्वतःलाच म्हणाल्या, "भोचक कुठली!"

बायको आली ती तीन जिने धडधड चढून, दम न लागता. उंच, मोकळ्या केसांची, हसरी. पण दारातच थबकली आणि हॉल डोळे भरून बघायला लागली.

"इथे येतो होय तो," ती म्हणाली.

"अगं, मी काय तोंडाने माफी मागू तुझी," बाई म्हणाल्या. "त्याने विश्वासाने सांगितलं आणि मी ते चव्हाट्यावर मांडलं. तुझ्यासाठी केवढा घाट घातलाय त्याने, आणि मी त्यातली हवाच काढून घेतली."

"हवा गेली खरी," ती म्हणाली आणि बाकावर बसली. "पण बाई, दुसरंही ऐका. आठवड्यातून दोनदा नवरा घामाघूम होऊन घरी येतो, गुणगुणतो, बुटांना पॉलिश करतो. विचारलं तर म्हणतो, एकांचं कुलूप अडकलं होतं. एवढी कुलपं अडकतात कुठे हो या शहरात? मी काय समजले असेन सांगा. त्याच्या मागे मागे जायचं ठरवलं होतं मी. पिशवी भरून ठेवली होती माहेरी जायची. आणि माहेर म्हणजे तरी काय, आई आमच्याच घरात राहते!"

एवढं बोलून ती खो खो हसत सुटली. हसता हसता तिने डोळे पुसले. बाईंना हसावं की रडावं कळेना, म्हणून त्यांनी दोन्ही केलं.

"आईला वाचून दाखवताना त्या पर्सच्या गोष्टीपाशी माझा आवाजच बसला. ती ओरडते, पुढे वाच की गं! मी काय वाचणार?" ती बाकावरून उठून बाईंजवळ आली. "बाई, मला कळलंय हे त्याला सांगू नका. मी चकित झाल्याचं नाटक करीन. त्याला तेवढं मिळायलाच हवं."

बाईंनी मान हलवली. सगळ्या जगाला सगळं सांगून बसलेल्या बाईंच्या पदरात आता एक नवंकोरं गुपित पडलं, आणि ते काही त्यांना पेलेना. वर्गात कुलूपवाला "बाई, हिला काही संशय नाही हं" म्हणाला की त्यांना ठसका लागायचा. त्यांनी कट्ट्यावरचं पोत्याबद्दलचं सगळं काढून टाकलं. द्वारपालाने विचारलं, काय झालं? बाईंनी लिहिलं, "ती गोष्ट माझी नव्हती."

पण लिहिलेलं पुसलं म्हणून सांगितलेलं पुसलं जात नाही. शेवटी एका दुपारी बाई काठी टेकत बाजाराच्या टोकाला गेल्या. दुकान हातभर रुंद, भिंतीवर किल्ल्याच किल्ल्या, आणि मधोमध कुलूपवाला कानस घासत बसलेला.

"बाई! तुम्ही? कुलूप बिघडलं का?"

"कुलूप धड आहे. माझं तोंड बिघडलंय," बाई म्हणाल्या आणि बायकोची भेट तेवढी सोडून उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं.

कानस थांबली. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू विरत गेलं. त्याने हातातली किल्ली खाली ठेवली.

"बाई," तो म्हणाला, "लोक मला घराच्या किल्ल्या देतात. दुसरी करून दिली की माझ्याकडे तिसरी राहू नये, एवढाच माझा धंदा. मी तुम्हाला तसंच समजलो होतो."

बाई म्हणाल्या, "चुकलंच माझं." त्याने स्टूल पुढे सरकवलं आणि त्या बसल्या. बसताना गुडघा असा काही कडाडला की शेजारच्या छत्रीवाल्याने डोकावून पाहिलं.

"फळी नव्हती तर ती," कुलूपवाला म्हणाला.

"नव्हती."

"काय काय लिहिलंत माझ्याबद्दल?"

"माझं मी काढून टाकलंय. पण लोकांनी तुझ्यासाठी लिहिलेलं आहे अजून." बाईंनी फोन पुढे केला.

तो चष्मा लावून वाचू लागला. 'पोत्याला सांगा, आम्ही सगळे त्याच्या बाजूने आहोत.' 'माझा नवरा कधी नाचला नाही आणि आता तो नाहीये. पोत्या, थांबू नकोस.' 'पोत्याचं काय झालं? दोन दिवस बातमी नाही, गुडघा जास्तच दुखतोय.' तो वाचतच गेला. मध्येच म्हणाला, "श्वास मोजायचं हे तुमचं नव्हतं होय?" आणि थोड्या वेळाने, "पोतं काय, पोतं! काय पण नाव शोधलंत." आणि त्याच्या मिशा हलायला लागल्या.

मग एकदम गंभीर होऊन त्याने विचारलं, "बाई, घरी सासूबाईंचे दोन्ही गुडघे बदललेत. बायको त्यांना फोनवर काहीतरी वाचून दाखवत असते. तिला हे कळलं नाही ना?"

बाईंनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. खोटं बोलवेना आणि खरं सांगायची बंदी. त्या समोरच्या किल्ल्यांकडे टक लावून बघत बसल्या.

"कळलं," कुलूपवाला म्हणाला.

"मी काही बोलले नाही हं!"

"नाही, तुम्ही नाही बोललात." त्याने कपाळावर हात मारला. मग हळूहळू त्याचा चेहरा उजळला. "तरीच परवा विचारत होती, दमलास का रे, पाय चेपू का! बाई, एक करा. मला कळलंय हे तिला सांगू नका. तिला चकित व्हायचंय ना, होऊ दे."

लग्नाच्या पंचवीस वर्षांचा समारंभ बुटवाल्याच्या दुकानामागच्या मोकळ्या हॉलमध्ये झाला. वर्गातले सगळे होते. सासूबाई पहिल्या रांगेत, काठीबिठी काही न घेता ताठ बसलेल्या. बाईंना पाहताच त्यांनी हाक मारली, "ये गं अंगण वाकडं, इथे बस माझ्याजवळ." इतके दिवस अक्षरांतून ऐकलेला आवाज प्रत्यक्षात चांगलाच खणखणीत होता.

गाणं सुरू झालं. कुलूपवाल्याने दोन्ही हातांतल्या पर्स शिंपीणबाईच्या मांडीवर ठेवल्या, कोट नीट केला आणि बायकोसमोर हात पुढे केला. तिने चकित व्हायचं एवढं नाटक केलं की छातीवर हात ठेवून दोन पावलं मागे गेली आणि टेबलावर आदळली. पेले खळखळले. त्याचं हसू फुटलं, ते बघून तिचंही फुटलं.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"आणि मला माहीत आहे हे तुला कसं माहीत?"

"फिरतंय ना," सासूबाई पहिल्या रांगेतून ओरडल्या, "मग उघडा आता! गाणं संपतंय!"

आणि ते नाचले. फार सुंदर नाचले असं नाही. एका वळणावर त्याचा डावा पाय चुकला, पण तिने पाऊल वेळेवर मागे घेतलं आणि पुढे दोघं असे सावरले की जणू तसंच बसवलेलं होतं. त्याचे ओठ हलत नव्हते. तो श्वास मोजत होता. बाई बघत राहिल्या. पंचवीस वर्षांचं ते लाजणं जमिनीवर कुठेतरी सांडून गेलं होतं.

दुसऱ्या गाण्याला वर्गातले सगळे ओरडले, "बाई! बाई! बाईंनी यायलाच हवं!" बाई उठायला गेल्या आणि उठवेनाच. गुडघा लॉक झाला होता. चेहऱ्यावर हसू ठेवून त्यांनी पुन्हा जोर लावला. फळीला दोष द्यायची सोय नव्हती, इथे जमीन फरशीची होती.

"मंडळी," बाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "माझा गुडघा गेलाय. वर्षभर गेलाय. मी तुम्हाला सांगितलं नाही."

शिंपीणबाई हळूच म्हणाली, "म्हणून ते ऊन का, बाई?" आणि हशा पिकला. कुलूपवाला आणि बुटवाला दोघे पुढे झाले, त्यांनी बाईंना खुर्चीसकट उचलून मध्यभागी ठेवलं आणि सगळे त्यांच्याभोवती नाचले. बाई बसल्या बसल्या काठीने ताल देत होत्या, आणि कुणाचं चुकलं की काठी त्याच्याकडे रोखत होत्या.

घरी जायच्या आधी सासूबाईंनी त्यांचा हात धरला. "रडून झालंय ना?"

"झालंय, मावशी."

"मग?"

बाईंनी तिथूनच मुलीला फोन लावला. "कशी आहेस?" ला आज "ठणठणीत" आलं नाही. बाईंनी सगळं सांगितलं. कट्ट्याचंही सांगितलं.

"म्हणजे," मुलगी म्हणाली, "कुठल्या लंगड्या घोडीला माहीत होतं, आणि मला नाही?"

"लंगडी घोडी मला वर्ग बंद कर म्हणत नाही गं."

"मी म्हटलं का?"

"म्हणणार होतीस."

मुलगी चिडली, मग रडली, मग म्हणाली, "हो, म्हणणार होते. आता नाही म्हणत. पण परत जर तू मला ठणठणीत म्हणालीस ना आई, तर बघ." आणि आठवड्याच्या आत ती बॅग घेऊन दारात हजर झाली.

तारीख ठरली. ऑपरेशन झालं. बाई शुद्धीवर आल्या तेव्हा त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "वर्ग कोण घेतंय?" शिंपीणबाई आणि कुलूपवाला मिळून घेत होते, आणि बुटवाल्याची अजून तक्रार नव्हती. तेव्हा कुठे बाईंनी डोकं उशीला टेकवलं.

तिसऱ्या दिवशी व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी त्यांना पलंगाच्या कडेला उभं केलं. बाईंनी त्यांनाच पाऊल कसं टाकावं हे समजावून सांगितलं. ताई गेल्यावर मुलगी खिडकीपाशी खुर्चीत बसून बराच वेळ फोनवर काहीतरी टाइप करत होती.

"काय करतेस?"

"गुडघेकट्ट्यावर नातेवाइकांचा वेगळा विभाग आहे. नाव घेतलंय मी, 'मधल्या मधे'." तिने फोन आईच्या हातात दिला. "अजून टाकलेलं नाही. तुझ्याबद्दल आहे, आधी तू वाच."

बाईंनी चष्मा लावून वाचलं. "माझी आई जगातली सर्वांत हट्टी पेशंट आहे. काल तिने नर्सला चालायला शिकवलं, आज व्यायामवाल्या ताईंना. उद्या डॉक्टर आहेत. मला तिचा राग येतो आणि तिच्याकडे बघत बसावंसंही वाटतं. असं तुम्हाला कुणाला होतं का?"

बाईंनी दोनदा वाचलं. नाक ओढलं.

"ते 'हट्टी' काढ," त्या म्हणाल्या.

"काढते."

मुलगी फोन घ्यायला उठली, पण बाईंनी तो सोडला नाही. त्यांनी पुन्हा एकदा वाचलं.

"नाही, राहू दे," त्या म्हणाल्या, आणि 'पाठवा'वर स्वतःच बोट टेकवलं.